ठिबकाची गोळी

— नाही नाही, त्या पाटावर नको ठेवू नारळ. तिथं आता कोनी बसत नाही. बाजीवर ठेव तुही पिशवी अन तू इकडं सावलीत ये, भुई लय तापली हाये. रिठदहून आली म्हनते? म्हंजे वाशीमले बस बदलली असशीन, अन आसेगावच्या फाट्यापासून पायीपायी, एवढ्या वैशाखाच्या उन्हाची! पानी पे आधी. माठातलं हाये, पे. तुले फाट्यावर कोनी सांगतलं नाही काय? तू इचारलंच नसशीन. भगताचं घर कोनतं, एवढं इचारलं असशीन, मंगळवारच हाये म्हनून, अन कोनी तरी बोट दाखवलं असन. भगत नाही राह्यला बाई. माघातल्या पुनवेले गेला. तीन महिने झाले. मी त्याची बायको.

काय म्हनते — व्हिडिओत पाह्यलं? हं, तो व्हिडिओ. तो पाहून येऊनच राह्यले लोकं. मांगच्या मंगळवारी यवतमाळकडचे दोघं नवरा-बायको आलते, त्याच्या आधी एक मास्तर आला. साऱ्याइले वाटते व्हिडिओ कालचा हाये. तो जत्रेचा हाये बाई, त्याच दिवसचा. असा देव खेळतानी कोनाले पाह्यला नाही म्हनतेत लोकं. आता काय सांगावं एकेकाले! राजू — माहा पोरगा — म्हनते फाट्यावर बोर्ड लावतो. काय लिहिशीन म्हनलं बोर्डावर? 

आता खडकमाय कोनाच्या अंगात येते? कोनाच्याच नाही. मले बी इचारलं लोकाइनं — भागिरथाबाई, तुमच्या अंगात तं नाही आली माय? उदयसिंगाच्या घरी जाईन म्हनतेत आता भगताचा मान. जाऊ दे. आपल्याले काही घेनं नाही.

तू काय काढून राह्यली पिशवीतून? गोळ्या? मायच्या पायावर ठेवून इचाराच्या व्हत्या, चालू ठेवू का बंद करू? कोनाच्या हायेत? बापाच्या. आन इकडं. — मले वाचता येत नाही बाई, पन हे पाकीट मी आंधळी झाली तं हातानं ओळखीन. हे लांबट, मधात रेघ पडलेली पांढरी गोळी. रोज सकाळी एक, अख्खी गिळाची, चावाची नाही, कुटाची नाही. हो ना? मले माहीत हाये. अन बाप कसा झाला मंग? सुस्त झाला. हात थंडे राह्यते. पह्यल्यासारखा रागवत नाही, हासत नाही. अन तुले वाटते, हे गोळीनंच केलं. हं. बस. अशी टोकावर नको बसू, मांडी घालून बस. तुही बस पावनेपाचले हाये, अजून येळ हाये.

पाह्य, राजूच्या बापाले — जगदेव भगत म्हनत त्याले पाच गावात — दोन वर्सं व्हत आले, सोयाबीन काढतानी छातीत कळ आली. गंजीवर बसला अन म्हनला, हात भरून आला. अकोल्याले नेलं, तिथं ते स्प्रिंग टाकली छातीच्या नसेत. पाचव्या दिवशी घरी आला. गोळ्या देल्या चार परकारच्या, त्यात एक हे. डागदर माह्याकडं पाहून बोलला, त्याच्याकडं नाही — मावशी, बाकीचं एखांद वेळी चुकलं तं चुकलं, हे गोळी चुकवाची नाही अन माह्याशी बोलल्याबिगर बंद कराची नाही. मी मान हालवली. समजलं काहीच नव्हतं. मंग आपला मेडिकलवाला रामधन हाये ना फाट्यावर, त्याले इचारलं, बा, हे एवढुशी गोळी दिवसभर कशी पुरते? तं त्यानं लय चांगलं समजावून सांगतलं. म्हनला, काकू, तुमच्या हळदीले ठिबक हाये ना? पाट सोडला तं पानी एकदम येते अन वाहून जाते. ठिबक थेंब-थेंब देते. हे ठिबकाची गोळी हाये. पोटात जाते अन चोवीस तास झिरपते, थोडं-थोडं, अन छातीचं धडधडनं आवरून धरते. तवा समजलं मले. रामधन असा मानूस हाये, कोनाले अडानी समजत नाही. लक्षात ठेवजो त्याचं नाव, पुढं सांगते.

तं गोळी लागू झाली. कळ गेली. पायी शेतात जाऊन येऊ लागला. मले काय, बरंच वाटलं. पन मंगळवार आला — पह्यला मंगळवार — अन हा पाटावर बसला. निंबाचा डहाळा हातात, डफडं सुरू, धूप टाकला, बाया आल्या. अन काहीच नाही. बसला तसाच बसून राह्यला. दुसऱ्या मंगळवारी तेच. तुले सांगते, एकोनीस वर्साचा व्हता तवापासून खडकमाय त्याच्या अंगात ये. कसं ये, ते मीच पाहू, जवळून. आधी छाती उडे. मंग नरड्याची शीर उडे. मंग बोटं, मंग खांदे, अन मंग एकदम हूं करून माय बोले. मी इचारलं त्याले तिसऱ्या मंगळवारी, काहून हो, काय व्हते? तं म्हनला, छाती उडाले लागली की मले समजे माय दाराशी आली. आता छाती उडतच नाही. माय येत असन, पन दार लागलेलं हाये.

मंग मी म्हनली — जीभ झडो माही — थोडं हालून पाहा ना. लोकाइले काय समजते. तं असा पाह्यला माह्याकडं. म्हनला, तीस वर्स खोटं नाही खेळलो, आता खेळू? डहाळा खाली ठेवला अन बायाइले म्हनला, जा मायाहो, आज काही नाही. खरा मानूस व्हता बाई. तू व्हिडिओत पाह्यला तो बी खोटा नव्हता, ते सांगून ठेवते. तो खोटा खेळला नाही कधीच.

दीड वर्स असं गेलं. मंगळवारी दहा यायच्या त्या चार आल्या, चाराच्या दोन. लोकं म्हनू लागले दवाखान्यातलं अंडं खाल्लं म्हनून माय रुसली. कोनी म्हने छातीत लोखंड टाकलं, माय लोखंडात बसत नाही. तो ऐके अन हासे थोडासा. त्याले दुख नव्हतं असं नाही, व्हतं. संध्याकाळी मायच्या खडकापाशी जाऊन एकटाच बसे. पन एक दिवस म्हनला मले, माय आराम देऊन राह्यली असन. लय वर्स वाह्यलं तिले. — हे त्याच्या तोंडचं सांगते. त्यानं सोडून देलं व्हतं बाई. मीच नाही सोडलं.

मंग माघाची जत्रा आली. तुमच्या रिठदचे बी लोकं येतेत जत्रेले, तुले ठाऊक असन — भगताच्या अंगात माय येते, अन भगत खडकाले सात फेऱ्या मारते, तवा जत्रा लागते. गेल्या वर्षी माय आलीच नाही, हा तसाच कोरडा चालला सात फेऱ्या, लोकं कुजबुजले. औंदा पंच घरी आले. म्हनले, जगदेवभाऊ, या वर्षी बी नाही आली तं मान उदयसिंगाकडं देऊ. हा म्हनला, द्या. आत्ताच द्या. मी चहा घेऊन आली व्हती, थाळी खाली ठेवली. मी म्हनली, नाही, येईन माय. पाहाजा तुमी. येईन. 

मंग आमी ठरवलं, जत्रेपुरती गोळी बंद — नाही. आमी नाही. तुह्याशी खोटं कायले बोलू, तू कोन माही! त्यानं नाही ठरवलं काही. त्याले माहीतच नव्हतं. गोळ्या माह्या हातात राहेत, सकाळी चहाआधी मीच देओ, तो हात पुढं करे अन घेऊन टाके, पाहे बी नाही. गावातल्या रुपाबाई आशाताईनं मले गुडघ्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या देल्या व्हत्या, पांढऱ्या. मी त्या सुरू केल्या त्याले. पांढरी ते पांढरी. एक दिवस म्हनला, आज गोळी मोठी दिसून राह्यली वं. मी म्हनली, कंपनी बदलली. घेतली बिचाऱ्यानं. अन खरी गोळी मी रोज एक पाकिटातून फोडो अन चुलीत टाको, म्हंजे राजूनं पाकीट पाह्यलं तं मोजनी बरोबर भरली पाह्यजे. एवढं डोकं चाललं माहं! लिहिता येत नाही, वाचता येत नाही, पन हे सुचलं.

अन किती दिवस आधी बंद कराची, ते कसं ठरवलं सांगू? रामधनच्याच ठिबकावरून. कॉक बंद केला तरी नळीत पानी राह्यतेच ना? झिरपत राह्यते मांगून. म्हनलं, एकच दिवस आधी बंद केली तं पुनवेले बी थेंब पडतच राहीन छातीत, अन दार उघडनार नाही. तं नळी पुरी सुकू द्यावी. म्हनून आठ दिवस. आठ दिवस मी त्याले कोरडा ठेवला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचा चेहरा पालटला. बोलू लागला, हासू लागला, नातीले — संस्कृतीले — खांद्यावर घेऊन आंगनात फिरला. मले वाटलं, पाह्य, मानूस परत आला माहा! सहाव्या दिवशी म्हनला, छाती उडून राह्यली वं. माय येऊन राह्यली बहुतेक. डोये भरून आले त्याचे. अन मी — मी देवापाशी दिवा लावला बाई. कळ येते काय म्हनून इचारलं नाही. दिवा लावला.

तू इचारशीन काहून केलं. त्याच्यासाठी केलं असं मी मले दोन महिने सांगत व्हती. त्याच्यासाठी नाही. तो तं खडकापाशी बसून शांत झाला व्हता. मी भगतीन व्हती. जत्रेत पह्यलं कुंकू मले लागे. हिरीबाई, पंचाची बायको, सोन्यानं मढलेली, ते बी वाकून माह्या पाया पडे. गेल्या वर्षी ते माह्या बाजूनं निंघून गेली, तिनं मले पाह्यलं बी नाही. ते डसलं मले. बस, एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी. सांग कोनाले हे.

ते गोळी अशी एकदम सोडली ना, तं जे धडधडनं एवढे दिवस आवरून धरलेलं राह्यते ते दुपटीनं उसळते. स्प्रिंग टाकलेल्या मानसाले तं झेपतच नाही. हे मले मांगून समजलं — रुपाबाईले आडून आडून इचारलं मी, एखांद्यानं बंद केली तं काय व्हते वं? तवा तिनं सांगतलं. दवाखान्यात नेलं तवा त्या पोरसवदा डागदरनं बी हेच इचारलं व्हतं: गोळी बंद केली व्हती काय? राजू बाजूले उभा. मी म्हनली, नाही. एकही दिवस नाही. राजूनं आठ दिवसाआधी फोडलेलं पाकीट काढून दाखवलं, बरोबर आठ जागा रिकाम्या. डागदरनं तसंच कागदावर लिहिलं.

अन आता ऐक. राजूच्या डोक्यात बसलं हाये की बाप तं रोज गोळी घे, मंग मेला कसा? म्हंजे गोळीच नकली व्हती. रामधननं नकली माल देला. दुकानासमोर उभा राहून शिव्या देल्या त्यानं, चारचौघात. लोकाइनं रामधनकडून औषध घेनं सोडलं, मंगरूळले जातेत. तेराव्याले रामधन आला व्हता, तिकडं बाभयीखाली उभा राह्यला, जेवला नाही. जातानी मले म्हनला, काकू, माह्या बापाले बी मी हेच पाकीट देतो. मी पदर तोंडाशी धरून उभी. आज राजू वाशीमले गेला हाये, रामधनवर अर्ज द्याले, औषधाच्या सरकारी हापिसात. सकाळी निंघतानी माह्या पाया पडला, म्हनला, माय, बाबाले न्याय भेटवून देतो. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

हं? जत्रेत काय झालं? आली ना माय. तू पाह्यलंच हाये. डफडं वाजलं अन पह्यल्याच थापेले छाती उडाली त्याची. अशी थरथर, असा घाम, डोये वर, मी तीस वर्सात तसं पाह्यलं नव्हतं. लोकाइनं गुलाल उधळला, पोट्ट्याइनं मोबाईल वर धरले. पाच फेऱ्या मारल्या. सहावीले खडकाले टेकला. दम लागला व्हता. हिरीबाई पुढं झाली नारळ घेऊन, तिले त्यानं हातानं बाजूले केलं अन मले शोधलं डोयानं. मी पुढं गेली. मनगट धरलं माहं. मायचा हात तापलेला राहे बाई, चटका बसे, अन तो हात थंडा व्हता, ओला व्हता. मले तवाच समजाले पाह्यजे व्हतं. तीस वर्स मायचा हात अन नवऱ्याचा हात वेगळा ओळखनारी मी.

अन मंग तो बोलला. व्हिडिओत ते ऐकू येत नाही, त्याच्यावर पोट्ट्याइनं गानं लावलं हाये. मीच ऐकलं. तो म्हनला, भागिरथे. — तुले नाही समजनार. तीस वर्सात त्यानं माहं नाव घेतलं नव्हतं. अवं म्हने, राजूची माय म्हने. अन खडकमाय तं साऱ्याइले लेकरा म्हने, मले बी लेकरा. नाव कोनाचंच नाही घे. अन त्या दिवशी, पाच गावच्या बायाइसमोर, भागिरथे. अजून काही तरी म्हनाचं व्हतं त्याले. ओठ हाललेत. पन मले वाटलं, मायनं नाव घेतलं माहं! खुद्द मायनं! छाती फुगली माही. मी डोकं ठेवलं त्याच्या पायावर. अन माह्या डोक्याखाली पाय थरथरून राह्यले व्हते, मंग हळूहळू थांबले. लोकं म्हनले, माय उतरली. मी बी म्हनली, माय उतरली. तसंच डोकं ठेवून राह्यली मी. किती येळ, ते व्हिडिओत मोजून घे.

माह्या नवऱ्यानं हाक मारली बाई. अन मी पाया पडली.

— नाही नाही, काय करून राह्यली? पाया नको पडू माह्या. ऐकलं नाही काय तू, मी काय सांगतलं? उठ. डोये पूस. बापाची गोळी उद्या सकाळी दे त्याले, तुह्या हातानं, अन सुस्त वाटत असन तं डागदरले जाऊन सांग. देवाले नको इचारू, मले बी नको इचारू. — थांब. गाडी वाजली. राजूच हाये. तू जा आता. नाही, बसू नको, चहा बी नको, तू बसली तं मी तुह्याशीच बोलत राहीन, अन त्याले जेवाले वाढीन, तीन महिने जसं काही न सांगता वाढून राह्यली. जा बाई, जा.

राजू, गाडी तशीच राहू दे, रामधनकडं जाचं हाये. आधी इकडं ये.